घरचें-दारचें : एकाच आभाळांत दोघे

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या गडचिरोली जिल्ह्यांत, अरण्यांतल्या एका लहानशा गांवीं, प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. तिला तेथें जाऊन चार वर्षें झालीं, आणि चारहि वर्षें ती मला "मोठेकाका, एकदां येऊन तर पाहा" असें लिहीत आली. वडीलधाऱ्यांच्या सबबी वाचकांच्या घरींहि त्याच असतील : कधीं गुडघे, कधीं पितृपक्ष, कधीं कोणाचें बाळंतपण. अखेर गेल्या फाल्गुनांत सबबी संपल्या. होळी व धुळवड चंद्रपुरास आप्तांकडे केली, आणि वद्य द्वितीयेस एस्‌.टी.च्या मोटारींत बसून मूल, सावली करीत, वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली व तेथून पुढें अरण्यांत, असा दिवेलागणीस जाऊन पोंचलों.

चंद्रपुराविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. माझ्या वडिलांच्या तोंडीं हें गांव अखेरपर्यंत 'चांदा'च होतें. १९६४ सालीं सरकारी दप्तरांत तें चंद्रपूर झालें. गांवाच्या नांवांत चंद्र, आणि वैशाखांत तेथील सूर्य मात्र असा कीं पारा ४७-४८ अंशांपर्यंत चढल्याच्या नोंदी आहेत! गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा यानें हें नगर वसविलें, असें परंपरा सांगते. राजा शिकारीस गेला असतां कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा झुडपांतून निघाला आणि पळून जाण्याऐवजीं उलट राजाच्या कुत्र्याच्याच पाठीस लागला. राजानें हा चमत्कार घरीं येऊन राणीला सांगितला. राणी शहाणी होती. ससा व कुत्रा ज्या वाटेनें धांवले त्याच वाटेनें कोट बांधा, असें तिनें सुचविलें, आणि तसा तो बांधला गेला, अशी ही कथा. व्युत्पत्तिशास्त्री कपाळास आठ्या घालतील हें मी जाणतों. पण ज्या गांवाच्या नांवांत चंद्र, त्याचा कोट सशाच्या पावलांवर उभा असावा, आणि संस्कृतांत चंद्राला शशांक म्हणावें, हा योग मला मोटारींत बसल्या बसल्या फार गोड वाटला. शेजारच्या उतारूला तो सांगण्याचा मीं यत्नहि केला. ते बिचारे झोपीं गेले होते.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे वद्य तृतीयेस, मी शाळेंत जाऊन बसलों. पहिलीपासून चौथीपर्यंत मिळून वीस-बावीस मुलें. घरीं सारीं गोंडी बोलणारीं. मराठी त्यांना शाळेच्या उंबरठ्यावर भेटते. पुतणीनें त्या दिवसाचा विषय ठेवला होता, 'सूर्य आणि चंद्र'. जें हवें तें घ्यावें, हवें तसें करावें. कागद म्हणजे जुन्या छापील तक्त्यांच्या कोऱ्या पाठी. रंग मात्र पाहण्यासारखे होते. होळीसाठीं उकळलेल्या पळसफुलांचें केशरी पाणी एका डब्यांत शिल्लक होतें. हळद होती, तिच्यांत चुन्याची निवळी पडतांच तिचें कुंकवासारखें लाल होतें, हा प्रयोग आपल्या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जाणतात, तो त्या मुलांनीं माझ्यासमोर करून दाखविला. गेरू होता, चुलींतला कोळसा होता, चंद्रासाठीं चाळलेली राख होती. दोन मुलांनीं तर कागदास हातच लावला नाहीं. त्यांनीं पळसाच्या पानांची पत्रावळ टांचली, ती भिंतीला लावून "हा पुनवेचा" म्हणून सांगितलें, आणि मग एकेक पान काढीत काढीत ती अमावास्येपर्यंत आणली.

आमच्या वेळीं चित्रकला म्हणजे काय होतें? एक पेला, त्याच्या शेजारीं एक चेंडू, आणि पाठीमागें मास्तरांची छडी. एलिमेंटरीच्या परीक्षेंत माझ्या पेल्याचें तोंड वांकडें आलें, तेव्हांपासून मीं पेन्सिलीचा नाद सोडला. मूल पाहतें तसें त्याला काढूं द्यावें, ही गोष्ट व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक या शिक्षकानें १८९७ पासून आपल्या बालवर्गांत चालविली होती. आणि आमच्या शेजारच्या वर्ध्यास, सेवाग्रामच्या नई तालीम शाळेंत, देवीप्रसाद यांनीं १९४४ पासून तेंच खेड्यांतल्या मुलांबरोबर केलें. हें सारें मीं वाचलेलें होतें. वाचलेलें असूनहि जें घडलें तें घडलें.

एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, चौथींतली, अगदीं मागें बसून काढीत होती. तिच्या कागदावर एक मोठें झाड होतें. झाडाच्या एका अंगास डोंगरामागून निघणारा तांबडा सूर्य, आणि दुसऱ्या अंगास राखेचा चंद्र. दोघे एकाच आभाळांत! शिवाय चंद्र वाटोळा नव्हता; पलीकडच्या बाजूनें किंचित् चेपलेला होता. मी गणिताचा मास्तर. चाळीस वर्षें दुसऱ्यांच्या चुका शोधण्यांत घालविलेलीं. मी हंसलों. "अग बाळ, दिवस काढलास कीं रात्र? दोघे एकाच वेळीं कसे येतील? आणि चंद्राला कोणीं दाबलें?" सारा वर्ग हंसला. मुलीनें माझ्याकडे पाहिलें, कागद उलटा केला, आणि सुटी होईपर्यंत तो उलटाच राहिला.

त्या रात्रीं पुतणी माझ्याशीं फारसें बोलली नाहीं. जेवणें झाल्यावर मात्र म्हणाली, "मोठेकाका, ती मुलगी दोन वर्षें वर्गांत बोलत नव्हती. या वर्षीं चित्रांतून बोलूं लागली. मोहाच्या दिवसांत निम्मीं मुलें शाळेला येत नाहींत. जीं येतात, तीं चित्रांच्या ओढीनें येतात. उद्यां ती आली नाहीं, तर मोहामुळें आली नाहीं कीं तुमच्यामुळें, हें मी कसें ओळखूं?"

चतुर्थीस ती आली नाहीं.

येथें मोहाविषयीं सांगितलें पाहिजे, कारण आपल्याकडे मोह म्हटला कीं दारू एवढेंच आठवतें. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें रात्रभर, आणि विशेषतः पहांटेच्या सुमारास, गळतात. पिवळसर, रसानें भरलेलीं, मण्यांसारखीं. ऊन चढण्यापूर्वीं आणि गुरें येण्यापूर्वीं तीं वेंचावीं लागतात. वाळवून तीं वर्षभर खातात, विकतात, औषधाला वापरतात. दारूहि काढतात, हें खोटें नाहीं. कोणतें झाड कोणाच्या घरचें, हें गांवांत ठरलेलें असतें. वेंचायला बायका आणि मुलेंच जातात, काळोख असतांच जातात, आणि मोहाची गोडी माणसांपेक्षां अस्वलाला कमी नाहीं, हें माहीत असूनहि जातात. घरच्या मीठ-मिरचीचा, पोरांच्या कपड्यांचा पैसा त्या टोपलींत असतो. तेव्हां 'मोहाला गेली' ही गैरहजेरी आपल्या मुलांच्या 'पोटांत दुखतें' सारखी नव्हे.

पंचमीस पहांटे पुतणीनें मला उठविलें. पंचांगांत ती रंगपंचमी. आमच्या नागपुराकडे रंग धुळवडीलाच आटोपतो, म्हणून माझ्या तें ध्यानींहि नव्हतें. गांवचे एक गृहस्थ बॅटरी घेऊन पुढें, मागें आम्ही दोघें. झाडाखालची जमीन पालापाचोळा काढून लख्ख केलेली होती आणि तिच्यावर फुलांचा सडा पडला होता. वास असा दाट, कीं गुळाच्या काहिलीजवळ उभें राहिल्यासारखें वाटलें. ती मुलगी, तिची आई आणि एक लहान भाऊ वांकून वेंचीत होतीं. बॅटरीची गरज त्यांना नव्हती. मला वाटलें, कीं डोळ्यांना संवय असेल. मग माझ्या लक्षांत आलें, कीं माझी स्वतःची सांवली माझ्यासमोर पडली आहे. मान वर करून पाहिलें. नैर्ऋत्येकडे कललेला चंद्र झाडांच्या शेंड्यांवर चांगला प्रकाशत होता.

आम्ही तेथेंच थांबलों. पूर्वेस उजाडलें, डोंगराची कड तांबडी झाली, सूर्याचें बिंब वर आलें, आणि चंद्र तसाच होता, निस्तेज, राखेच्या रंगाचा. त्याची सूर्याकडची कड अखंड वाटोळी, आणि पलीकडची झिजलेली. अगदीं त्या कागदावरच्यासारखी. मुलीनें माझ्याकडे न पाहतां फक्त हात वर केला आणि म्हणाली, "थो पाय, आजोबा."

चाळीस वर्षें गणित शिकविलेल्या माणसाला हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. पौर्णिमेला सूर्य मावळतांच चंद्र उगवतो. मग रोज तो सुमारें पाऊणएक तास उशिरां उगवतो, आणि तितकाच उशिरां मावळतो. म्हणून वद्य पक्षांत तो सकाळीं आभाळांत राहणारच. अष्टमीला तर तो दोनप्रहरच्या सुमारास मावळतो. संकष्टीला घरांतल्या बायका चंद्रोदयाची वाट पाहत उपाशी बसतात, तेव्हां दुसऱ्या दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास तोच चंद्र पश्चिमेस असतो, हें एका त्रैराशिकाचें काम. मला तें कागदावर येत होतें. तिनें तें पाहिलें होतें. आणि चंद्राची झीज नेहमीं सूर्याच्या पलीकडच्या अंगास असते, ही गोष्ट तर छापील पुस्तकांतल्या चित्रकारांनाहि पुष्कळदां साधत नाहीं.

परततांना मला आपल्या गांवोगांवचे वीरगळ आठवले. देवळाच्या आवारांत, वेशीबाहेर, शेंदूर फांसलेले किंवा उपेक्षित पडलेले ते दगड वाचकांनीं पाहिलेच असतील. खालीं युद्ध, त्याच्या वर अप्सरांबरोबर स्वर्गास जाणारा वीर, त्याच्या वर शिवपूजा, आणि अगदीं माथ्यावर सूर्य व चंद्र शेजारीं शेजारीं. सतीच्या दगडावरहि तेच. जोंवर हे दोघे आहेत तोंवर ही कीर्ति राहो, असा त्याचा अर्थ. ज्यांच्या घरीं जुन्या सनदा असतील त्यांनीं 'आचंद्रार्क' हा शब्द वाचला असेल. दगडावर तो शब्द लिहीत नाहींत, काढतात. ठाणें-पालघरकडील वारली स्त्रिया लग्नघरीं भिंतीवर चौक लिहितात, त्यांतहि सूर्य आणि चंद्र एकत्र येतात. म्हणजे ज्या चित्राला मी हंसलों, तें शेंकडों वर्षें आमच्या दाराशींच उभें होतें, आणि मीं कोणा पाथरवटाला "दिवस कीं रात्र?" असें कधीं विचारलें नव्हतें.

त्या मुलांच्या बोलींतहि एक मौज सांपडली. गोंडींत सूर्याला 'पोड्द' किंवा 'पोर्द' म्हणतात आणि चंद्राला 'नेलेंज' किंवा 'नलेंज'. दक्षिणेस सिरोंच्याकडे, गोदावरीच्या कांठीं, तेलुगु बोलतात; तेथें 'पोद्दु' म्हणजे सूर्य किंवा दिवसाची वेळ, आणि 'नेल' म्हणजे चंद्र व महिना. दोन्ही भाषा एका कुळांतल्या, त्यामुळें शब्दहि एका मुळाचे. आम्ही 'दीस मावळला' म्हणतों, तेव्हां दीस म्हणजे सूर्यच ना? दिवस सूर्यावरून व महिना चंद्रावरून मोजणें, हें सर्वांचेंच. पण आकाशांतलीं चित्रें मात्र ज्याच्या त्याच्या घरचीं. आपण नववधूला सप्तर्षि दाखवितों, वसिष्ठाच्या शेजारची अरुंधती दाखवितों. गोंड लोक त्याच सात ताऱ्यांत एक खाट पाहतात : चार तारे म्हणजे खाटेचे पाय, आणि मागचे तीन ती पळवूं पाहणारे चोर. मयंक वाहिया व गणेश हलकरे यांनीं गोंडांच्या आकाशज्ञानावर १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१३ सालीं निबंध प्रसिद्ध केला, त्यांत ही खाट आहे. आमच्या खेड्यांतूनहि म्हाताऱ्या माणसांना 'बाजलें आणि चोर' ठाऊक असे. ऋषींनीं तें पुढें झांकून टाकलें.

पंचमीस ती मुलगी शाळेंत आली, उशिरां, हाताला मोहाचा वास घेऊन. मीं वर्गासमोर उभें राहून सांगितलें कीं परवां चूक माझी होती, चित्र बरोबर होतें. कान धरले. मुलें पुन्हां हंसलीं. या वेळीं मला. तिनें मान वर केली नाहीं. ती कशानेंच लगेच विरघळली नाहीं, हें मी मुद्दाम नमूद करतों, कारण अशा गोष्टी मासिकांतून लिहितांना शेवटीं मूल धांवत येऊन गळ्याला मिठी मारतें, आणि तें बहुधा खरें नसतें. त्यांतून ती चौथींत. पुढच्या वर्गासाठीं दूरच्या आश्रमशाळेंत वसतिगृहांत राहावें लागणार, आणि तिच्या वडिलांचें मन अद्याप होत नव्हतें. मोठ्या माणसांच्या हंसण्याची त्यांत आणखी भर नको होती, असें पुतणी म्हणाली, तें मला रात्रभर बोंचलें.

घरीं आल्यावर जेवतांना मीं सर्व हकीकत सांगितली. आमचा नातू, वय सात, त्यानें तत्काळ आपली चित्रकलेची वही आणली. पहिल्याच पानावर दोन त्रिकोणी डोंगर, मध्यें अर्धा सूर्य, एक नदी आणि एक झोंपडी. आमच्या गल्लींत ना डोंगर ना नदी! प्रत्येक घरच्या वहींत हेंच चित्र असावें, अशी मला दाट शंका आहे. वाचकभगिनींनीं आजच दप्तरें उघडून पाहावींत. दुसऱ्या पानावर चंद्रकोर होती, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी ताठ उभी, आणि तिच्या पोटांत एक चांदणी. पोटांतली चांदणी तर शक्यच नाहीं. कारण तेथें रिकामें आभाळ नसून चंद्राचाच काळोखा भाग असतो, आणि त्याच्या अलीकडे तारा येणार कसा? पण नातवाचें लक्ष तिकडे नव्हतें. तो आजीच्या कपाळाकडे पाहत होता. सणासुदीला आमच्या सौ. चंद्रकोर लावतात. "आजी, तुझा चंद्र आडवा कां?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. शंकराच्या जटेंतली कोर पाहा, बायकांच्या कपाळावरची पाहा. दोन्ही टोंकें वर करून होडीसारखी निजलेली. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं, चैत्र शुद्ध द्वितीयेस, संध्याकाळीं सर्व मंडळी गच्चीवर गेलों. पश्चिमेस, सूर्य जेथें बुडाला त्याच्या जवळ जवळ बरोबर वर, चंद्राची कोर अगदीं होडीसारखी तरंगत होती. आपण विषुववृत्ताजवळ, चंद्रपूर-गडचिरोली तर २० अक्षांशांच्या आसपास. वसंत ऋतूंत सूर्य-चंद्रांचा मार्ग आपल्याकडे संध्याकाळीं क्षितिजाशीं जवळ जवळ काटकोन करतो, म्हणून सूर्य कोरीच्या खालून उजेड पाडतो आणि ती आडवी दिसते. आश्विनांत तीच बरीच तिरपी होते. यूरोपांत, दूर उत्तरेस, ती पुष्कळदां उभी दिसते, आणि ती उभी कोर छापील चित्रांतून आमच्या मुलांच्या वह्यांत आली. आजीच्या कपाळावर खरा चंद्र असतां नातवानें परदेशचा काढला! गडचिरोलीच्या त्या शाळेंत ज्या तिघांचौघांनीं बिजेची कोर काढली होती, त्या सगळ्यांची आडवी होती, हें मला तेव्हां आठवलें.

एक लहानसा प्रयोग घरोघर करतां येईल. पुनवेच्या रात्रीं हात लांब करून चिमटींत मिऱ्याचा दाणा धरावा आणि एक डोळा मिटून चंद्राकडे पाहावें. एवढा थोरला वाटणारा चंद्र त्या दाण्याआड जवळ जवळ मावतो. सूर्याचाहि आकार आपल्याला तेवढाच दिसतो. तो चंद्राच्या सुमारें चारशें पट रुंद, पण दूरहि सुमारें चारशेंच पट. मुलें सूर्य मोठा व चंद्र लहान काढतात तें प्रेमाखातर. मात्र सूर्याच्या बाबतींत हें शब्दावरच मानून घ्यावें. मिरें धरून किंवा न धरतां, सूर्याकडे मुलांना टक लावून पाहूं देऊं नये.

वैशाखांत पुतणीचें पत्र आलें. मोहाचा हंगाम सरला, आतां तेंदूचीं पानें सुरू आहेत. ती मुलगी सुटी लागेपर्यंत रोज येत होती. वडील म्हणतात, पाऊस पडल्यावर पाहूं. आश्रमशाळेच्या प्रवेशाचा कागद पुतणीनें भरून ठेवला आहे. त्यावर अंगठा किंवा सही व्हायची आहे. पत्राबरोबर घडी घातलेला एक कागद होता. त्यावर तेंच मोठें झाड, एका अंगास सूर्य, दुसऱ्या अंगास राखेचा चंद्र. आणि झाडाखालीं, टोपलीशेजारीं, चष्मा लावलेला एक म्हातारा मान वर करून उभा. चंद्राच्या झिजलेल्या कडेशीं राख बोटानें पुसून पुसून नीट केलेली दिसत होती. चित्र दिवाणखान्यांत लावलें आहे. सौ. म्हणतात, चष्मा हुबेहूब आला आहे, नाक मात्र जरा सोडून दिलें.